लाल पाण्याचा दिवस

रुमाल काढायला नाओएनं ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि बोटांना औषधाच्या पुड्या लागल्या. सगळ्याच्या सगळ्या. एकही फोडलेली नव्हती.

ती पंपापाशी तशीच थिजली. बाजूला शेजारणी राखेनं हात घासत होत्या. रंग काही निघत नव्हता. त्या काळी मे महिना सरत आला की कात्सुनुमा या द्राक्षांच्या गावातल्या झाडून सगळ्या बायकांचे हात मनगटापर्यंत असे लाल असायचे.

"आज नवऱ्याला हात लावू नकोस हो सूनबाई," एक जण म्हणाली. "सदऱ्यावर ठसे उठतील!"

बाकीच्या खिदळल्या. नाओएला हसूही आलं नाही.

बुडवलेला घड कुठला आणि राहिलेला कुठला हे कळावं म्हणून औषधात रंग घालायचे. रंग तिनं सकाळी आठवणीनं पिंपात ओतला होता. तेवढ्यात शेजारणी मदतीला आल्या, नवी सून म्हणून थट्टा सुरू झाली, आणि पुड्या खिशातच राहिल्या. म्हणजे दिवसभर माना वर करून, पेला हातात धरून, सगळ्यांनी अख्खी बाग बुडवली ती नुसत्या लाल पाण्यात.

औषध तरी काय, वेलीच्या अंगात असतं तेच वाढीचं संप्रेरक, वरून थोडं दिलेलं. फुलोऱ्याआधी घड त्यात बुडवला की परागकण वांझ होतात, बी धरत नाही. फुलोऱ्यानंतर पुन्हा बुडवला की तोच बिनबियांचा मणी फुगतो. पहिली वेळ हुकली की हुकली. आणि बियांच्या द्राक्षांकडे आता बाजारात कुणी ढुंकून बघत नव्हतं. घरात दुसरं पीक नव्हतं. सासूनं, तोकुयोनं, तिला बजावलं होतं, "कमी पडलं तर बिया, जास्त झालं तर देठ लाकडासारखे आणि मणी गळून जमिनीवर. भात लावण्याइतकं सोपं नाही हे!" नाओए भातशेतीच्या गावची. हा टोमणा तिला रोजचाच होता.

आता एकच आशा होती, पावसाची. त्याच दिवशी पाऊस झाला तर औषध धुऊन जातं आणि साऱ्या गावालाच घड पुन्हा बुडवावे लागतात. मग कुणाला काही कळलं नसतं.

मिसाकाच्या डोंगरावर ढग होते. संध्याकाळी गाव धास्तावून त्यांच्याकडे बघत होतं. ओसरीवर बसलेली नाओए एकटीच मनातून त्यांना बोलावत होती.

शेजारी सासू घेवड्याच्या शेंगा मोडत होती, तीही आभाळाकडे बघत. तोकुयोची जीभ एरवी हातांपेक्षा जोरात चालायची. पण जेवणाच्या सुट्टीत नाओएचा नवरा तामोत्सु सगळ्यांसमोर कौतुकानं म्हणाला, "यंदा औषध आमच्या हिनं कालवलंय बरं का!" आणि सासूनं हातातला भाताचा गोळा खाली ठेवला होता. तेव्हापासून ती गप्प होती. हिला कळलंय, नाओएला वाटत होतं. नक्की कळलंय.

"ढग पांगले! वाचलो!" अंगणातून तामोत्सु ओरडला आणि शीळ घालत आंघोळीला गेला.

ओसरीवर कुणीच हसलं नाही.

नाओएला आणखी सोसवेना. ती गुडघ्यांवर बसली, पुड्या सासूपुढे ठेवल्या आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"आई, सकाळी मी औषध घातलंच नाही. नुसता रंग घातला. मला माहेरी पाठवायचं तर पाठवा, पण उद्या सगळी बाग पुन्हा बुडवू या. मी एकटी बुडवीन."

शेंगांची टोपली कलंडली. तोकुयोनं पुड्या झडप घालून उचलल्या. उठून एकेक उलटीसुलटी करून उजेडाशी धरली.

"एकही फोडली नाहीस?"

"नाही."

"अर्धीसुद्धा नाही? नीट आठवून सांग गं!"

"नाही हो आई. तशाच आहेत."

सासू मटकन खाली बसली. छातीवर हात ठेवून तिनं एवढा लांब श्वास सोडला की नाओएनं घाबरून तिचा खांदा धरला. तर म्हातारी हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"खबरदार बागेत पाऊल टाकशील तर!" ती म्हणाली. "तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून पहाटेच मी पिंपात औषध घालून आले होते. तूही घातलंस असं ऐकलं, आणि दुपारपासून पाऊस पड रे बाबा, पाऊस पड म्हणत बसलेय!"