घड्याळजीचा आजार

"मी दारुडा आहे, डॉक्टर," घड्याळजी म्हणाला. "आडपडदा कशाला ठेवू?"

डॉक्टरबाईंनी मान वर केली. त्या खुर्चीत बसणारे बहुतेक जण 'मी कुठे पितो' इथूनच सुरुवात करत. कबूल करायलाच त्यांना महिने लागत.

घड्याळजीच्या शेजारी त्याची थोरली बहीण बसली होती. एक खुर्ची सोडून बायको. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. हात मोडल्यापासून ती माहेरीच राहत होती. आज नणंदेने गळ घातली म्हणून आली होती.

"माझा भाऊ म्हणजे गरीब गाय हो," बहीण म्हणाली. "पण ती एकदा पोटात गेली की अंगात सैतान शिरतो. उतरली की हिची माफी मागत लहान मुलासारखा रडतो. तुम्ही आजार आहे म्हणून सांगा, औषध द्या, बरं करा. मग ही घरी येईल. तसं कबूल केलंय तिनं. हो ना गं?"

बायकोने होकारार्थी मान हलवली.

"नुसतं पिणं म्हणजे आजार नव्हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "विचारते ते आठवून सांगा. ठरवता त्यापेक्षा जास्त होते?"

"नेहमीच."

"पूर्वी पुरायची तेवढी आता पुरत नाही?"

"कुठली पुरायला!"

"सोडून बघितलीत?"

"कितीदा तरी. घर मोडायला आलं, तरी सुटत नाही." त्याचा आवाज भरून आला. बहिणीने रुमाल डोळ्यांना लावला.

"न घेता राहिलात तर हात थरथरतात? घाम सुटतो?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. नजरेला न दिसणारे स्क्रू चिमट्याने अलगद उचलणारे हात होते ते. "तेवढं नाही अजून," तो म्हणाला. "हात गेले तर खाऊ काय?"

रक्ताचा रिपोर्ट समोर होता. लिव्हर ठणठणीत. वेळेत आलाय, डॉक्टरबाईंना वाटलं. इतकं मोकळं बोलणारा पेशंट हाताला लागतो कुठे? नवल वाटलं ते बायकोचंच. नवरा एवढा जीव तोडून बोलतोय आणि ही आपली भिंतीकडे बघत बसलीय. माणूस आहे का दगड!

मग त्यांनी दोघा भावंडांना बाहेर बसायला सांगितलं. त्या घरच्या माणसाशी नेहमीच एकटं बोलत. जाता जाता बहीण वाकून पुटपुटली, "जपून बोल गं. संसार तुझाच आहे."

दार लागलं.

"राग येणं साहजिक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हा आजार असतो. एकदा ते पटलं की माणसाकडे बघायची नजर बदलते."

"ताईही तेच म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"आजारच निघू दे, असं म्हणते मी." पहिल्यांदाच तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "आजारावर औषध तरी असतं."

डॉक्टरबाईंचा सूर मऊ झाला. "त्यासाठीच तर विचारतेय. कामावर, दुकानात पितात?"

"नाही."

"मित्रांबरोबर?"

"छे. कुणी कितीही आग्रह केला तरी शिवत नाहीत."

डॉक्टरबाईंचं पेन थबकलं. "म्हणजे घरीच. बरं, तुमच्यावर हात उचलतात, त्याआधी साधारण किती घेतलेली असते?"

बाहेर नणंद कुणाला तरी सांगत होती, दारूने सोन्यासारख्या माणसाची माती केली हो. समोरचा माणूस हळहळत होता.

"आधी नसतेच घेतलेली," बायको म्हणाली. "मारून झालं की पितात."