कान दिसू द्या

परीक्षा केंद्राच्या दारात मी हॉलतिकिटावरचे फोटो तपासत होतो. वीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे नजरेचा गर्व होताच. त्या मुलीला मी अडवलं. फोटोत भरलेले गाल, लांब वेणी. समोर डोक्याला रुमाल आणि वर आलेली गालांची हाडं.

“ही तू नाहीस.”

“मीच आहे, सर. वर्षभर आजारी होते.” ती रडली नाही. पेपरला सात मिनिटं उरली होती.

वर्गात पाणी देऊन शिपाई सुलाबाई बाहेर आल्या. नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत “कान दिसू द्या” म्हणण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. “रुमाल जरा मागे घे, बाळा,” म्हणत त्यांनी फोटोतल्या कानावर नख ठेवलं. पाळी गालाला चिकटलेली, वरची कड दुमडलेली. समोरचा कान अगदी तसाच.

“चेहरा सुकतो, सर. कान सुकत नाही. जाऊ द्या तिला.”

मी ओशाळून बाजूला झालो. सुलाबाईंनी पाण्याचा जग उचलला.

“आणि मघाशी तुम्ही हसून आत सोडलीत ना, ती तिसऱ्या बाकावर बसलीय. तिच्या हॉलतिकिटावरचे कान तिचे नाहीत.”