घरी दोघंच

बाथरूममध्ये साबणाची डबी पडली. लॅपटॉपच्या पडद्यावर अजून ‘कृपया थांबा’ एवढंच दिसत होतं. ती उठली आणि दार ढकलून आत डोकावली.

कोरड्या टबात रजई अंथरून तिची पाच वर्षांची लेक, तिची ठमाकाकू, बसली होती. काल अंगात कसर होती म्हणून आज शाळा नव्हती.

“काय ठरलंय आपलं?”

“मी नाही पाडली. तीच पडली.”

“बरं. मग तिलाही सांग, अर्धा तास गुपचूप बस म्हणावं.”

ठमाकाकूनं डबीला दटावलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

घर एका खोलीचं. आत लपायला दार असलेली जागा ही एवढीच. वाळत घातलेले कपडे तिनं सकाळीच पलंगाखाली सारले होते, भिंतीवरची पोरीची चित्रं उतरवली होती. इथल्या भाषेत तिला दूध आणि भाजी मागता यायची, नोकरी नाही. म्हणून मग घरबसल्या करता येईल असं, नकाशे काढायचं, तिकडचं, भारतातलं काम. महिनाअखेरीला नवऱ्याचं काम सुटणार होतं. इतक्या अर्जांमधून दोनच जागचे हलले होते, एकाची मुलाखत आज आणि एकाची उद्या. दोन्ही अर्जांवर पत्ता आईच्या घरचा टाकला होता. इथला टाकला की कुणी उत्तरच द्यायचं नाही.

पडदा उजळला. चष्मा कपाळावर सरकवलेल्या एक बाई, मागे ट्यूबलाइट, आणि गुंडाळून ठेवलेले नकाशे.

दोन वाक्यं इंग्रजीत झाली आणि बाई हसल्या. “मराठीतच बोलू या का? दिवसभर इंग्रजी बोलून जबडा दुखतो हो.”

तीही हसली. किती दिवसांनी कुणीतरी बाहेरचं माणूस तिच्याशी मराठीत बोलत होतं. तिचे खांदे आपोआप खाली आले.

“हा वळणाचा जिना तुम्ही काढलाय?”

“हो, मीच.”

“कोपऱ्यातल्या पायऱ्या मस्त बसवल्यात. आमच्या ऑफिसातली पोरं नेमकी तिथंच गडगडतात.” बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. “एक विचारते, राग मानू नका. आधीच्या बाईंचं बाळ सारखं मांडीवर. रेघ इकडची तिकडे. आम्हाला सलग सहा तास लागतात. तुमच्या घरी लहान कोणी?”

या प्रश्नाचं उत्तर तिनं इंग्रजीत पाठ केलं होतं. इंग्रजीत दिलं असतं तर ते दाराच्या या बाजूलाच राहिलं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “मी आणि मिस्टर. घरी दोघंच.”

बाथरूममधून काहीच आवाज आला नाही.

“मग झालंच की,” बाई म्हणाल्या. “कामाचं काही बघायलाच नको. सोमवारपासून बसाल?” आणि चष्मा नाकावर घेऊन त्या पडद्याजवळ वाकल्या. “अहो, पण तुमच्याकडे अजून ऊन कसं?”

तिनं मागं वळून पाहिलं. कपडे, चित्रं, बाहुली, पोर, सगळं आठवणीनं झाकलं होतं. खिडकीतून भिंतभर पसरलेलं दुपारचं ऊन तेवढं राहिलं होतं.

“इथं तर दिवेलागण झाली,” बाई म्हणाल्या. “कुठं आहात तुम्ही?”

तिनं सांगितलं.

“अरेरे. म्हणजे पत्ता आईकडचा का? नाही हो, मग नाही जमायचं. घरून म्हणजे इकडच्याच घरून. परदेशातलं माणूस आमचे साहेब घेत नाहीत. कागदपत्रांच्या भानगडी फार.” त्या खरंच हळहळल्या. “आधी सांगायचं ना.”

“आधी सांगितलं असतं तर बोलावलं असतं?”

बाईंनी कागद उगाच खालीवर केले. “जिना मात्र छान आहे,” त्या म्हणाल्या. “मनाला लावून घेऊ नका. दोघंच आहात ना, मग काय, हिंडा-फिरा जरा. नंतर जमत नाही.”

पडदा विझला. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि चेहऱ्यामागं ते ऊन.

तिनं बाथरूमचं दार उघडलं. ठमाकाकू तशीच बसली होती, ओठांवर बोट दाबून. बोट काढलं तेव्हा तिथं पांढरा वळ होता.

“झालं?”

“झालं.”

“मला शिंक आली होती. मी रजईत तोंड घातलं. ऐकू आली?”

“नाही गं, राणी. अजिबात नाही.”

तिनं लेकीला उचललं. कपाळ कोमट लागत होतं. पोर नेहमीसारखी गळ्यात पडली नाही. हातभर मागं रेलून आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

“मिळालं काम?”

“नाही मिळालं.”

“माझ्यामुळे?”

“तुझ्यामुळे कशाला? तू तर किती शहाण्यासारखी बसलीस.”

“मी बसलेच नव्हते,” ठमाकाकू म्हणाली. “तूच त्या मावशींना सांगितलंस, घरी दोघंच.”

पोरीच्या केसांत अडकलेला रजईचा दोरा आई काढत राहिली. तो निघाला, तरी बोटं तिथंच फिरत होती.

“उद्या दुसऱ्या मावशी आहेत ना?”

“हो.”

ठमाकाकूनं विचार केला. रुसून नाही, उद्या कुठला फ्रॉक घालायचा हे विचारावं तसं तिनं विचारलं,

“मग उद्या मी आहे का गं?”