गंजणारी नळी

"ही नको. गंजणारी द्या."

कारागिराला वाटलं, आपलेच कान वाजले. काउंटरवर त्याने रायफलच्या दोन नळ्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. एक स्टेनलेसची, पांढरी लखलखीत. दुसरी साध्या पोलादाची, निळसर काळी. येणारं गिऱ्हाईक आधी पांढरीलाच हात लावायचं. मास्तरांच्या सूनबाईंनी मात्र काळीवर बोट ठेवलं होतं.

"गंजणारा माल कोणी मागून घेतं का, वहिनी? आणि मास्तरांच्या रायफलला स्टेनलेसची नळी गेल्या वर्षीच बसवलीय मी. तिला काय धाड भरली?"

"काही नाही. ती काढा आणि ही बसवा."

कारागीर मनातून दुखावला. मास्तरांनी अर्ध्या शहराला नेमबाजी शिकवली होती. त्यालाही शिकवायला घेतलं होतं, पण त्याची गोळी कधी निशाणाच्या पाटीला लागली नाही. शेवटी मास्तरांनीच त्याला नळ्या कातायच्या लेथवर नेऊन उभं केलं. "मारता येत नाही, तर निदान नळी तरी सरळ कर," म्हणाले. तेव्हापासून त्याने दुसरं काही केलं नाही. गेल्या वर्षी मास्तरांचा मुलगा येऊन म्हणाला, बाबांची बोटं आखडलीत, तरी रोज सकाळी नळीला तेल लावत बसतात, बघवत नाही. कटकट नको अशी नळी बसव. कारागिराने जीव ओतून काम केलं होतं.

"मास्तर आहेत कसे?" त्याने विचारलं.

सूनबाई स्टुलावर टेकल्या. "तसेच. खोलीबाहेर येत नाहीत. बोलायला गेलं तर हूं नाही की चूं नाही. दोन घास पोटात गेले तर गेले. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही, जगायची इच्छाच संपत चाललीय. ह्यांनी तर हात टेकले."

कारागिराने सूनबाईंनी बरोबर आणलेल्या रायफलकडे पाहिलं. "मग रायफल चालवणार कोण?"

"कोणीच नाही."

"मग ही काळी घेऊन करता काय? तान्ह्या पोरासारखी आहे ती. एवढ्या दमट हवेत जरा दुर्लक्ष झालं की डाग पडलाच. रोज पुसा, रोज तेल लावा. ही पांढरी कपाटात टाका आणि विसरून जा."

"तेच झालं ना, दादा," सूनबाई म्हणाल्या. "विसरलो आम्ही. आधी उजाडलं की बाबा उठायचे, कारण नळी पुसायची असायची. खिडकीशी खुर्ची ओढायचे. मग चहा मागायचे. चहा गार आहे म्हणून ओरडायचे. सगळा दिवस त्यातून सुरू व्हायचा त्यांचा. तुमची नळी आली, आणि उठायला काही उरलंच नाही. आम्हाला वाटलं, आराम करतायत."

कारागिराने मागे फिरत असलेलं लेथ बंद केलं. ज्या कामाचं त्याला वर्षभर कौतुक वाटत होतं, ते त्याच्याच हातांनी काढायचं होतं. तो रायफल घेऊन आत गेला.

काम झालं तेव्हा दुपार कलली होती. त्याने रायफलचा बोल्ट, गोळी आत सरकवून उडवणारा दांडा, पुसून हातात धरला. बोल्ट नसेल तर रायफल म्हणजे नुसती काठी. सूनबाईंनी आवाज खाली आणला. "तेवढा इथेच राहू दे, दादा. मन असं झालेलं माणूस घरात असताना... चालती रायफल नको." त्याने बोल्ट ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली खिशात टाकली.

"आणि तेलाची बाटली?"

"तेल नाही देणार," कारागीर म्हणाला. "संपलंय म्हणून सांगा त्यांना. दुकानातच जाऊन आणावं लागेल म्हणावं."

त्यानंतर बरेच दिवस कोणी फिरकलं नाही. हवा ओली होती. आपण केलेल्या नळीवर डाग चढतायत हे कारागिराला जेवतानाही दिसायचं. मास्तर उठले नाहीत, तर ती तशीच कपाटात गंजणार होती, आणि तिच्यामागोमाग ते. तेल दिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्याला वाटू लागलं. शहाणपणा नडला आपला.

मग एका सकाळी तो शटर वर करत होता आणि मागे काठी वाजली.

मास्तर होते. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला. काखेत कापडात गुंडाळलेली रायफल. लांब कोपऱ्यावर सूनबाई उभ्या होत्या आणि आपला काही संबंधच नाही अशा दुसरीकडे बघत होत्या. मास्तरांनी रायफल काउंटरवर ठेवली, कापड बाजूला केलं आणि वाकडं झालेलं बोट नळीवर टेकवलं. तिथे तपकिरी ठिपका होता.

"हा डाग बघ! गाढवा, बिनतेलाची नळी घरी पाठवतोस? हेच शिकवलं का मी तुला?"

कित्येक महिन्यांनी ते तोंड उघडलं होतं, आणि पहिली शिवी त्याच्या वाट्याला आली होती. कारागिराचे डोळे भरून आले. बाटली काढायला तो घाईने वाकला. मान वर केली तेव्हा मास्तर बोल्टच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"तो जरा... दुरुस्तीला ठेवलाय, मास्तर."

मास्तरांनी ड्रॉवरच्या कुलपाकडे पाहिलं. मग कोपऱ्यावरच्या सुनेकडे. 

"खोटं बोलतानाही तुझा नेम चुकतो," ते म्हणाले. "बोल्ट असू दे तुझ्याकडेच. मला तेल दे."