एकवीस पूर्ण

आयोवातल्या आमच्या कॅसिनोच्या दारावर मी लोकांची वयं तपासतो. एकवीस पूर्ण नसलेल्यांना आत प्रवेश नाही, म्हणून तिशीच्या आतलं कोणी दिसलं की ओळखपत्र बघायचं, एवढंच काम.

काल संध्याकाळी पंच्याऐंशीच्या वर्ना आजी वॉकर ढकलत आल्या आणि त्यांनी कार्ड पुढे केलं.

"आजी, तुम्हाला एकवीस पूर्ण झालीत, हे मी शपथेवर सांगतो. जा आत."

"मस्करी नको. नियम म्हणजे नियम. तारीख वाच, मोठ्याने."

"चौदा मार्च, एकोणीसशे... अरे, म्हणजे आजच की! हॅपी बर्थडे, आजी!"

"थँक्यू रे बाळा," म्हणत त्यांनी कार्ड पर्समध्ये नीट ठेवलं.



आणि आत न जाताच, वॉकर वळवून, ज्या बसने आल्या होत्या त्याच बसकडे निघाल्या.