शेवटचा आवाज

भूल देताना पालकांनी तोंडातून ब्रही काढायचा नाही, असं सिस्टरनं चैतालीला तीनदा बजावलं होतं. गुंगी चढताना मूल जो आवाज शेवटचा ऐकतं, तो भीतीबरोबरच त्याच्या मनातून कायमचा पुसला जातो. म्हणून आकडे मोजायला दवाखान्यानं एक अनोळखी बाईच ठेवली होती.

चार वर्षांच्या मुक्ताचे नऊ दात किडले होते. रोज साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन, थोपटत, "आई आहे हं इथंच," म्हणत चैतालीच तिला निजवायची. आज मास्क लागला, मुक्ताचे डोळे मिटू लागले आणि चैतालीचा हात आपोआप थोपटू लागला. सवय कुठली कुणाचं ऐकतेय! मागोमाग ते चार शब्दही निसटले.

मोजणारी बाई सातावर थांबली.

दोन तास चैताली बाहेर बसून रिकाम्या बाटलीचं झाकण लावत, काढत राहिली.

मुक्ता जागी झाली. नऊही दात दुरुस्त झाले होते. आईला पाहताच तिनं हात पसरले. चैतालीनं तिला उचलून घेतलं.

"दुखतंय का गं, बाळा?"

मुक्तानं खोलीभर पाहिलं, मग दाराकडे.

"आई, कोण बोललं?"