देवमाशाचा होकार

वेंगुर्ल्यापासून दूर समुद्रात जहाज उभं होतं. समुद्रतळाखालचा वायू शोधायला पाण्यात प्रचंड आवाजाचे बार उडवायचे होते. नव्या कायद्याप्रमाणे त्याआधी जवळपासच्या देवमाशांना विचारावं लागे. दुभाषा यंत्राच्या पडद्यावर उत्तर उमटलं, ‘हरकत नाही.’

“चला, सुरू करू,” कॅप्टन खोत म्हणाले.

“थांबा. हा होकार नाही, ती देवमाशाची मादी पिल्लाला हाक मारतेय,” शाल्मली तांडेल म्हणाली. देवमाशांची निरीक्षक म्हणून तिचं अर्धं आयुष्य समुद्रावर गेलं होतं. “सकाळी मी या यंत्राला आपल्या पंपाचा आवाज ऐकवला. तेव्हाही ते हरकत नाहीच म्हणालं.”

“तुमचा आक्षेप मी नोंदवतो मॅडम. पण कायद्याला यंत्राचा होकार पुरतो.”

“आणि पाण्यात माणूस असेल तर?”

“तर बार उडवता येत नाहीत. का?”

शाल्मलीने लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि कठड्यावरून उडी मारली.

खोत धावत कठड्याशी आले. “मॅडम, वर या. नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. ही मायलेकरं लांब गेली की येते,” असं म्हणून ती पाठीवर निवांत तरंगत राहिली.